जवळा काय खातो? मच्छीमार सोसायट्यांना खुलं पत्र

प्रति,
पालघर ते रायगड किनाऱ्यावरच्या मच्छीमार सहकारी सोसायट्यांचे चेअरमन, संचालक आणि सगळे सभासद नाखवा-तांडेल

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी आपल्यापैकीच एका सोसायटीच्या वार्षिक सभेला मी मागच्या रांगेत बसले होते. विषयपत्रिका नेहमीचीच. डिझेलचा परतावा अडकलाय, जेट्टीपाशी गाळ साचलाय, बर्फ महागलाय, एलईडी दिवे लावून मासे धरणाऱ्यांचा बंदोबस्त कोण करणार, आणि सगळ्यात शेवटी आयत्या वेळचे विषय. चार तासांच्या सभेत या आयत्या वेळच्या विषयांना तीन मिनिटं उरली. मी उठून जवळ्याबद्दल, म्हणजे आपल्या त्या बारीक कोळंबीसारख्या जिवाबद्दल विचारलं, "जवळा एखाद्या वर्षी येतो, एखाद्या वर्षी तोंड फिरवतो. तो खातो काय, यावर आपण कधी बोलायचं?"

पुढच्या रांगेतले एक काका मागे वळून म्हणाले, "बाय, जवला काय खातो ते जवल्याला इचार. आमी काय खायाचा ते सांग." सगळी सभा हसली. मीही हसले आणि खाली बसले.

काकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्याच्या बोटीचा हप्ता थकलाय त्याला समुद्रातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांचं कौतुक सांगायला जाणं म्हणजे उपाशी माणसापुढे पाकशास्त्राचं पुस्तक वाचण्यासारखं आहे. पण जवळा काय खातो यावरच आपण काय खाणार ते ठरतं. तीन मिनिटांत ते मला सांगता आलं नसतं, म्हणून हे पत्र. लांबलंय. बोटीत बर्फ भरेपर्यंत जेट्टीवर बसून वाचा.

मी डोलकराची मुलगी. बाबांच्या दोन डोली, म्हणजे खुंटांना बांधून समुद्रात उभी करायची पिशवीसारखी जाळी, होत्या, आई टोपली घेऊन बाजारात बसायची. मी शिकून ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागले. समुद्राबद्दल मी जे पुस्तकात वाचलं त्यातलं निम्मं बाबांना ठाऊक होतं, फक्त नावं वेगळी होती. उरलेलं निम्मं त्यांना सांगायला मी उशीर केला.

डोलीपासूनच सुरुवात करते, कारण तिच्याबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं नसेल अशी एक गोष्ट आहे. १८८७ मध्ये जर्मनीतल्या कील गावच्या व्हिक्टर हेन्सेन नावाच्या प्राध्यापकाने समुद्रात तरंगणाऱ्या सगळ्या बारीक जिवांना एक नाव दिलं, प्लँक्टन. ग्रीक भाषेतला शब्द आहे, अर्थ भटका. आपण मराठीत प्लवक म्हणतो. ज्याला प्रवाहाविरुद्ध जाता येत नाही, पाणी नेईल तिकडे जो जातो, तो प्लवक. हे जीव धरायला हेन्सेनने जे जाळं वापरलं ते पिठाच्या गिरणीत चाळणीला लावतात त्या रेशमी कापडाचं होतं. आकार कसा? तोंडाशी रुंद, मागे निमुळतं होत गेलेलं, शेवटी माल साठायला बारीक विणीची पिशवी. पाणी तोंडातून शिरतं, मागून निघून जातं, जीव पिशवीत उरतो.

ओळखीचं वाटतंय ना? ही आपली डोल आहे. तोंड, निमुळतं अंग, शेवटी खोला, म्हणजे माल साठायची पिशवी. फरक एवढाच, की हेन्सेनचं जाळं आपल्या डोलीपुढे चिमुकलं होतं आणि आपल्याला खुंट मारावे लागतात. रापण ओढत आणतात, गरी टाकून वाट बघतात, ट्रॉलर माशाच्या मागे धावतो. डोल यातलं काहीच करत नाही. ती भरती-ओहोटीच्या वाटेत तोंड उघडून उभी राहते, समुद्र जे आणून टाकेल ते घेते. म्हणूनच उधाणाला, म्हणजे मोठ्या भरतीला, माल आणि भांगाला, म्हणजे लहान भरतीला, बोंब. म्हणूनच डोल आपल्या उत्तरेच्या किनाऱ्यावर फळली, जिथे खंबायतच्या आखाताकडे जावं तसतशी भरती उंच होत जाते, आणि मालवणाकडे रापण रुजली. आपल्या पूर्वजांनी प्लवक धरायचं प्रचंड जाळं बनवलं आणि त्यावर गावं वसवली. त्याला शास्त्र म्हणायचं त्यांना सुचलं नाही, कारण त्यांना माल विकायचा होता.

त्या डोलीतला मुख्य माल कोणता? जवळा. दोन-तीन सेंटिमीटरचा, काचेसारखा आरपार, दोन काळे टिपके म्हणजे डोळे. शास्त्रात अॅसिटस इंडिकस. थोडंफार पोहतो, पण ओढीपुढे त्याचं काही चालत नाही, म्हणून त्याला प्लवकांच्या उंबरठ्यावरचाच धरतात. जगभरातल्या शाळांत मुलांना शिकवतात, प्लवक मासे खातात आणि मासे आपण खातो. आमच्या घरात मधली पायरी गाळून थेट प्लवकच खाल्ले जायचे, कांदा, कोकम आणि हिरव्या मिरचीत परतून.

आता ती संध्याकाळ. नोकरीला लागल्यावर दुसऱ्या वर्षी मी कॉलेजातला एक जुना सूक्ष्मदर्शक सुट्टीत घरी आणला. वहिनीच्या फाटक्या नायलॉनच्या ओढणीचं शंकूसारखं जाळं शिवलं, तोंडाला तारेचं कडं, टोकाला औषधाची बाटली. बाबांच्या होडीमागे पाच मिनिटं धरलं. बाटलीत आलं ते गढूळ चहासारखं पाणी. बाबा म्हणाले, "यासाठी वहिनीची ओढनी फाडली?"

एक थेंब काचेवर ठेवला आणि त्यांना बघायला लावलं. त्यांचा चष्मा नळीला आपटत होता, म्हणून काढला. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "यो उड्या मारतंय." तो कोपेपॉड होता, मिलिमीटरभराचा, शरीरापेक्षा लांब मिश्या वल्ह्यासारख्या पसरून झटक्याने पुढे जाणारा. मी सांगितलं, याला एकच डोळा असतो, कपाळाच्या मध्ये. ते हसले. मग काच थोडी सरकवली आणि त्यांनी एकदम मान वर केली. "अगो, यो तं खेकड्याचा पोर!"

डोक्यावर शिंगासारखा काटा, मोठे डोळे, वाकडी शेपटी. खेकड्याचंच पिल्लू होतं ते. त्यांनी कशावरून ओळखलं हे मला आजही कळलेलं नाही, कारण त्यात खेकड्यासारखं काहीही नसतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत युरोपातले शास्त्रज्ञसुद्धा त्याला वेगळाच प्राणी समजत होते, त्याचं वेगळं नाव होतं. आयर्लंडमध्ये जॉन व्हॉन थॉम्पसन नावाच्या लष्करी डॉक्टरने ती पिल्लं वाढवून बघितली तेव्हा कळलं की हा खेकडाच. बाबांनी एका नजरेत सांगितलं. मग आणखी दोन थेंब बघितले, आणि नंतर जे बोलले ते मी विसरलेले नाही. "मंजे खोल्यात येतां ती सगली पोरां हाईत."

त्यावर पुढे येते. आधी या सगळ्यांचं पोट कोण भरतं ते.

त्याच थेंबात काचेच्या डब्या होत्या. लांबट, गोल, साखळीत ओवलेल्या. हे डायटम. एकाच पेशीची वनस्पती, तिने स्वतःभोवती सिलिकाची, म्हणजे काचेच्याच जातीच्या द्रव्याची डबी बांधलेली असते, तळ वेगळा आणि झाकण वेगळं. ऊन आणि पाण्यात विरघळलेलं खत यावर ती जगते. डायटम आणि त्याचे इतर भाऊबंद, म्हणजे वनस्पती प्लवक, हे समुद्रातलं गवत. पृथ्वीवर सगळ्या झाडांनी, पिकांनी, जंगलांनी मिळून उन्हातून जितकं अन्न तयार होतं, जवळपास तितकंच हे तयार करतात. आणि वजन करायला गेलात तर पृथ्वीवरच्या सगळ्या हिरवळीच्या शंभरातला एक भागही भरत नाही. हे गणित जमतं कसं? मोठ्या घरातली भाकऱ्यांची टोपली आठवा. कधीही डोकावा, टोपलीत दोनच भाकऱ्या. पण बाई सकाळपासून थापतेय आणि तव्यावरून उतरली की कुणीतरी उचलतंय. समुद्राची टोपली तशी आहे. दोन-चार दिवसांत सगळी हिरवळ खाल्ली जाते आणि नवी उगवते. त्यामुळे ती कुणाला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीसाठी कुणी मोर्चा काढत नाही.

(व्हॉट्सॲपवर फिरतं ते वाक्य, की तुमचा प्रत्येक दुसरा श्वास समुद्राने दिलेला आहे, ते मात्र जपून घ्या. प्लवक प्राणवायू तयार करतात खरे, पण त्यातला बहुतेक समुद्रातलेच जीव पुन्हा वापरून टाकतात. आपल्याला त्यांची गरज श्वासाआधी पोटासाठी आहे.)

डायटमला कोपेपॉड खातो. जवळा दोघांनाही खातो, वर तळाचा कुजका पालापाचोळाही खातो, बिचारा निवडक नाही. जवळ्याला बोंबील खातो. बोंबील चिरताना पोटात जवळ्याचा लगदा प्रत्येकीने पाहिलाय, कधीकधी लहान बोंबीलसुद्धा, कारण तो आपल्या जातीलाही सोडत नाही. या प्रत्येक पायरीवर दहातले साधारण नऊ हिस्से जळून जातात, हालचालीत, श्वासात, मळात. हजार किलो हिरवळीतून शंभर किलो कोपेपॉड, त्यातून दहा किलो बारीक मासळी, त्यातून एक किलो सुरमई. हा हिशेब ठोकळ आहे, कुठे जास्त कुठे कमी. पण त्यातून एक गोष्ट कळते. पायऱ्या जितक्या कमी, तितका माल जास्त. आपल्या गावांनी शेकडो वर्षं जवळ्यावर आणि त्याच्यावर जगणाऱ्या बोंबलावर पोट भरलं, आणि जवळा शिडीच्या खालच्या पायरीवर आहे. आज बाजार आपल्याला वरच्या पायरीकडे ओढतोय आणि खालच्या पायरीवरचा माल गोणीत भरून फिशमीलच्या, म्हणजे मासळीच्या भुकटीच्या, कारखान्याला जातोय, किलोला हातात जेमतेम काही रुपये पडून. मला हे व्यवहार म्हणूनही पटत नाही.

हिरवळीला खत कुठून मिळतं? इथे आपला पाऊस येतो. समुद्राचा वरचा थर उजेडात असतो, तिथलं खत हिरवळ संपवून टाकते. मेलेलं सगळं खाली बुडतं, त्यामुळे खत अंधारात साठतं. वर उजेड आहे, खत नाही. खाली खत आहे, उजेड नाही. या दोघांची गाठ घालून देणारा कुणीतरी लागतो. केरळ, कर्नाटकाच्या किनाऱ्यावर आणि उत्तरेला जाताना कमी होत गोव्यापर्यंत, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत खालचं थंड पाणी वर येतं. आपल्याकडे नद्या डोंगराची माती घेऊन येतात, उधाणाची भरती उथळ तळ ढवळून काढते. आणि हिवाळ्यात खोल अरबी समुद्रात, गोव्याच्या अक्षांशाच्या वर, उत्तरेचा कोरडा थंड वारा वरचं पाणी गार करतो, ते जड होऊन खाली बसतं आणि खालचं खत घेऊन पुन्हा ढवळलं जातं.

म्हणजे जून-जुलैत समुद्र खवळतो तो आपल्याला घरी बसवायला नाही, शेत नांगरायला. १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची बंदी सरकारने कागदावर आणली. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी काढायची नाही हे त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे होतं, आणि ते सरकारी तारखेपेक्षा बहुतेक वर्षी उशिराच असतं. नांगरट झाली, पेरणी झाली, पीक कणसात भरलं, मग कापणी. ३१ जुलैच्या मध्यरात्री इंजिन गरम करून उभे असलेल्यांनी हे एकदा मनात घ्यावं.

आता बिघडलंय काय ते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं, की पश्चिम हिंदी महासागरात साठ वर्षांत वनस्पती प्लवक २० टक्क्यांपर्यंत घटले असावेत. उपग्रहाने समुद्राचा रंग सलग मोजायला सुरुवात झाली १९९७ नंतर, त्याआधीचा हिशेब संगणकाच्या प्रतिमानावरून काढलेला आहे, त्यामुळे आकड्यावर पैज लावू नका. कारण मात्र समजायला सोपं आहे. बादलीत आधी गार पाणी घ्या, वरून बंबाचं गरम पाणी अलगद सोडा. हात घालून ढवळलं नाही तर वर कढत, खाली गारच राहतं. वरचा समुद्र तापतोय, त्यामुळे गरम थराचं झाकण घट्ट बसत चाललंय. वाऱ्याला ढवळणं जड जातं, खत खालीच राहतं.

तारलीचं उदाहरण केरळचं आहे, पण आपल्यालाही घेण्यासारखं आहे. तारली जवळपास थेट हिरवळीवर जगते, डायटम गाळून खाते. २०१२ मध्ये केरळला चार लाख टनांच्या घरात तारली मिळाली. २०२१ मध्ये साडेतीन हजार टनसुद्धा नाही. लाखांवरून हजारांवर. एल निनोच्या वर्षांत पाणी तापलं, हिरवळीचं वेळापत्रक चुकलं, आणि नेमकं त्याच काळात लहान तारली बेसुमार धरली गेली. निसर्गाने एक ठोसा मारला, दुसरा माणसाने. दोनांतला कोणता जोराचा यावर तिकडे अजून वाद चालतो. एकाच ठोशावर ती कदाचित सावरलीही असती, असं मला वाटतं.

आणि ते निळं पाणी. २०२० च्या नोव्हेंबरात जुहूला, देवगडला रात्री लाटा निळ्या पेटल्या आणि लोक गाड्या काढून मोबाईल घेऊन धावले. तुम्ही आयुष्यभर बघितलेलं आहे, वल्हं मारलं की ठिणग्या. त्यातला एक मोठा मानकरी म्हणजे नॉक्टिलुका, खसखशीच्या दाण्याएवढा एकच पेशीचा जीव. तो स्वतः शिकार करतो. अरबी समुद्रातल्या त्याच्या एका प्रकाराने पोटात हिरवी शेवाळंही पाळलेली असतात, म्हणजे खाऊनही जगतो आणि उन्हावरही. २००० नंतर हिवाळ्यात खोल समुद्रात डायटमच्या जागी हा हिरवा नॉक्टिलुका पसरलेला दिसू लागला. पूर्वी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केलेले वाकिम गोएस आणि हेल्गा दो रोझारियो गोमेस यांनी २०१४ मध्ये मांडलं की अरबी समुद्राचा मधला, प्राणवायू अगदी कमी असलेला थर पसरतोय आणि त्याचा फायदा याला मिळतोय. आपल्याकडच्याच काही संशोधकांनी त्यावर हरकत घेतली, म्हणाले पाण्यात प्राणवायू पुरेसा असतानाही तो फोफावतो. भांडण चालू द्या, त्यातूनच काय ते कळेल. आपल्या कामाची गोष्ट ही, की डायटम खाणारे शेकडो, नॉक्टिलुका खाणारे मोजके, त्यातही जेलीफिश आणि तिच्यासारखे पाणचट जीव पुढे. जाळ्यात जेलीफिश भरून आली की ती झटकताना हाताची काय आग होते ते मला सांगायची गरज नाही. एका रात्री किनारा चमकला म्हणून समुद्र बिघडला असं समजू नका, ती चमक जुनीच आहे. ती कोणत्या महिन्यात येते, किती दिवस टिकते, पूर्वीपेक्षा लांबतेय का, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. दुखणं तिथे आहे.

खाडीबद्दल दोनच ओळी. शहराचं सांडपाणीही खतच असतं, पण त्यात नत्र आणि फॉस्फरस भरपूर, डायटमला डबी बांधायला लागणारं सिलिका नाही. ते नद्या आणतात, डोंगरातून. धरणात नदी अडली आणि खाडीत गटार सुटलं, की डायटम मागे पडतात आणि दुसरेच पुढे येतात. पाणी हिरवंच दिसतं, हिरवेपणा वेगळा असतो.

एलईडीवर तुम्ही मोर्चे काढता त्याला माझा पाठिंबा आहे, पण तुमच्या निवेदनात एक मुद्दा कधी नसतो. कोपेपॉड, जवळ्याचे भाऊबंद आणि असंख्य बारीक जीव दिवसा खोल अंधारात उतरतात आणि सूर्य बुडाला की वर चढतात, रोज. वजनाने मोजलं तर पृथ्वीवर प्राण्यांचं याहून मोठं स्थलांतर नाही. दुसऱ्या महायुद्धात सोनार, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र, लावलेल्या जहाजांना रात्री समुद्राचा तळच वर आल्यासारखा वाटायचा, तो अशाच रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या जिवांचा आणि बारीक माशांचा थवा होता. उजेड दिसला की खाली जा, अंधार झाला की वर ये, एवढंच या जिवांना ठाऊक. काही उजेडाकडे खेचले जातात, काही घाबरून बुडतात. भर समुद्रात हजारो वॉटचे दिवे लावले की त्यांचं जेवणाचं ताट उधळतं, आणि त्यांच्यामागे येणारं सगळं एका जाळ्यात सापडतं. २०१७ मध्ये केंद्राने अशा मासेमारीवर बंदी घातली. दिवे अजून दिसतात. निवेदनात 'पारंपरिक मच्छीमारांवर अन्याय' या ओळीखाली हाही मुद्दा घाला. अन्यायाला उत्तर म्हणून सरकारकडे बैठक असते, या मुद्द्याला उत्तर नसतं.

आता बाबांचं वाक्य. खोल्यात येतात ती सगळी पोरं आहेत. इतरांकडे बोट दाखवून झालं, आपली डोलही धुतल्या तांदळासारखी नाही. जवळा धरायचा म्हणून खोल्याची वीण बारीक, आणि बारीक विणीतून जवळ्याबरोबर पापलेटची, घोळीची, दाढ्याची पिल्लंही सुटत नाहीत. बहुतेक मासे जन्मतात तेव्हा तेही प्लवकच असतात. अंडं तरंगतं, पिल्लू वाहतं, बळ आलं की पोहायला लागतं. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला, त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरली, त्याखालचा मासा धरायचा नाही. डोलकर म्हणेल, माझी डोल तर उभी असते, मी कुठे निवडून धरतो? खरंय. पण कोणत्या पंधरवड्यात कुठल्या खुंटावर पिल्लं जास्त येतात हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही. त्या पंधरवड्यात तिथली डोल उचलायची की नाही, हे सोसायटीत बसून ठरवता येतं. त्यासाठी मंत्रालयात जावं लागत नाही.

एवढं वाचूनही कुणी म्हणेल की आम्हाला प्लवकांशी काय करायचंय. मोबाईल काढा. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून जो मासेमारी क्षेत्राचा संदेश येतो, अमुक बंदरापासून अमुक दिशेला इतके किलोमीटर, इतकी खोली, तो कशावरून येतो? उपग्रह वरून समुद्राचा रंग बघतो, हिरवं द्रव्य कुठे दाट आहे ते मोजतो, पाण्याचं तापमान जोडतो, आणि सांगतो की इथे हिरवळ आहे, म्हणजे इथे तिच्यामागे मासा येईल. तुम्ही रोज प्लवकांच्या पत्त्यावरच बोट नेता. फक्त पाकिटावरचं नाव वाचत नाही.

माझी मागणी एक वही आहे. प्रत्येक सोसायटीच्या कार्यालयात, डिझेलच्या रजिस्टरशेजारी. डोलीवरून परतलेल्या तांडेलाने दोन ओळी सांगायच्या, सेक्रेटरीने लिहायच्या. तारीख, तिथी, उधाण की भांग. पाणी कसं होतं, गढूळ, हिरवट, निवळ, लालसर. जवळा किती टोपल्या. रात्री पाणी पेटलं का. जेलीफिश आली का. बोंबलाचं पोट भरलेलं होतं का रिकामं, हे चिरणाऱ्या बायकांना विचारायचं, त्या बरोबर सांगतात. उपग्रहाला किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात हिरवळ आणि चिखल यांतला फरक नीट कळत नाही. नाखव्याला कळतो. बाबांना पाण्याच्या वासावरून कळायचा. ते गेले, आणि त्यांच्या पन्नास वर्षांतलं एक अक्षरही कुठे लिहिलेलं नाही. मी शिकलेली मुलगी घरात असताना.

वह्या मी आणून देते, रकाने आखून. महिन्याला एक बाटली पाणी प्रत्येक सोसायटीतून मिळालं तर माझे विद्यार्थी त्यातले जीव मोजतील, त्यांचं प्रात्यक्षिक होईल आणि तुम्हाला फुकटात आकडे मिळतील. पहिल्या वर्षी त्यातून काही कळणार नाही. तिसऱ्या वर्षी थोडं कळेल. मग सरकारदरबारी किंवा कोर्टात नुकसानभरपाईसाठी उभं राहायची वेळ आली तर 'आमचे पूर्वज सांगतात' याच्यापुढे ठेवायला काहीतरी कागद असेल.

यंदाच्या वार्षिक सभेला मी सूक्ष्मदर्शक घेऊन येणार आहे. मला आयत्या वेळच्या विषयात बोलायचं नाही. दाराजवळ, जिथे उजेड येतो तिथे, एक टेबल आणि एक खुर्ची ठेवा. सभा सुरू व्हायच्या आधी त्या दिवशीच्या भरतीचं ताजं पाणी कुणीतरी बादलीत आणा. पुढच्या रांगेतल्या काकांना आवर्जून बोलवा. त्यांनी सांगितल्याप्रमाणे जवळ्याला विचारून झालंय, उत्तर मी काचेवर घेऊन येते. येताना चष्मा काढून ठेवायची तयारी असू द्या, नळीला आपटतो.

आपली,
एका डोलकराची मुलगी